तीन घरं पुढे

मी बोलतोय, डोळ्यातला दाब मोजणारा. मुठीत मावेन एवढाच आहे, पोलादी अंगाचा. माझं काम तसं सोपं. पेशंटला आडवं झोपवायचं, डोळा बधिर करणारा थेंब टाकायचा आणि मला सरळ बुबुळावर उभं करायचं. डोळा मऊ असला की माझा काटा पुढे पळतो. आत दाब वाढून डोळा टणक झाला असेल, तर काटा जागचा हलायला मागत नाही. हा दाब बहुतेकांना दुखतही नाही. चोरपावलांनी येतो आणि कडेकडेने नजर खाऊन टाकतो.

माझ्या डबीत पोलादाची एक छोटी ठोकळी आहे. मोठ्या सिस्टर रोज सकाळी आधी मला तिच्यावर उभं करायच्या. तिथे काटा शून्यावर यायलाच हवा. नाही आला, तर डॉक्टर कितीही कुरकुरोत, त्या मला कुणाच्या डोळ्याला लावायच्या नाहीत. मला त्यांचा धाक होता आणि त्यांच्यावर जीवही होता.

त्या निवृत्त झाल्या. नव्या सिस्टर हाताने चपळ, पण बाकावर गर्दी दिसली की घायकुतीला यायच्या. ठोकळीचा विधी त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोडला. एकदा मी त्यांच्या हातून फरशीवर पडलो. त्यांनी मला पुसलं, इकडेतिकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. माझा काटा वाकला होता. आता तो सगळीकडे तीन घरं पुढेच दाखवायचा.

त्याच सुमारास रफू करणाऱ्या काकू आल्या. त्यांचं पोट नजरेवरच.

"माझी आई अशीच आंधळी झाली हो सिस्टर. माझं जरा नीट बघा."

मी त्यांच्या बुबुळावर उभा राहिलो. डोळा टणक लागला. काटा दोनवर थांबायला हवा होता. तो पाचवर गेला.

"एकदम नॉर्मल! काकू, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता."

काकू हसत घरी गेल्या. पुढची दोन वर्षंही तसंच झालं. मला ओरडून सांगायचं होतं, पण तोंड कुठून आणू?

चौथ्या वर्षी त्या दाराच्या चौकटीवर खांदा आपटतच आत आल्या. मुलीने दंड धरला होता. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून आतली नस बघितली.

"नस सुकली आहे ताई. गेलेली नजर परत येत नाही. आहे तेवढी राखू या."

"पण मी एकही वर्ष चुकवलं नाही हो," काकू म्हणाल्या. "मग असं कसं झालं?"

त्या गेल्यावर डॉक्टरांनी स्वतः मला ठोकळीवर ठेवलं. काटा तीनवर. सिस्टर रडायला लागल्या. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

"ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये," ते म्हणाले.

आता हवेच्या झोताने दाब मोजणारं नवं मशीन आलंय. मी कपाटात पडून आहे, त्या तीन वर्षांच्या रजिस्टरांशेजारी. पानोपानी सुरेख अक्षरात 'नॉर्मल' लिहिलंय. ती माणसं आज निर्धास्त गाड्या चालवत असतील, कापड शिवत असतील. मला खुशाल भंगारात टाका. पण त्यांतल्या आणखी अकरा जणांचे डोळे मला टणक लागले होते. त्यांना अजून थोडंफार दिसत असेल. त्यांना बोलवा हो.