टोपली भरो ना भरो

"टोपली भरो ना भरो, देवावरचं रोज उतरवायचं," यमुआत्या म्हणायची. "टोपली विसर्जनाला उद्या नेली तरी चालते. पण कालचं फूल अंगावर असताना आजचं वाहायचं नाही, वैदेही."

आत्याची ती वेताची टोपली आता माझ्याकडे असते, धरमपेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. नेमही तिच्याकडूनच आला. सकाळी उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. घरी याची सवय झाली आहे. उन्मेष, माझा नवरा, गिझर बंद करायचा आहे की चालू ठेवायचा हे माझ्या भुवयांवरून ओळखतो. ऑफिसची सकाळची मीटिंग मी घरूनच फोनवर ऐकते. काही सांगायचं असेल तर लिहून पाठवते. कोणाचं काम आजवर अडलं नाही.

आमची कंपनी लहान आहे. आम्ही कर्नेलवर काम करतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यावर. गिऱ्हाईक ज्या स्क्रीनकडे बघतं ती दुसरं कोणी करतं. तिच्या खाली जे चालतं ते आमचं. यंदाचं मोठं काम होतं सावनेरजवळच्या एका कोळसा खाणीतल्या डब्याचं. डबा म्हणजे भिंतीला टांगायचं एक यंत्र. जमिनीखाली ठिकठिकाणी बसवलेले सेन्सर हवेत मिथेन किती आहे ते त्याला कळवत राहतात, तो आकडा दाखवतो, आणि आकडा चढला की भोंगा वाजवतो. भोंगा वाजला की माणसं बाहेर.

हा डबा अडखळत होता. सेन्सर वाढवले तसा जास्तच. आकडा मध्येच गोठायचा आणि मग एकदम उडी मारून पुढे जायचा. उन्हाळ्यात मी खाणीवर गेले तेव्हा नत्थूभाऊंनी मला तो डबा दाखवला. नत्थूभाऊ तिथले सरदार आहेत. पाळी सुरू व्हायच्या आधी आत जाऊन हवा तपासायची आणि मगच बाकीच्यांना आत सोडायचं, हे सरदाराचं काम.

"ताई, हा डब्बा थांबते तवा मी बी थांबतो," ते म्हणाले होते. "माह्यामांगं सारी पोट्टी उभी राह्यतात. त्यायले काय सांगू, डब्बा विचार करून राहिला?"

"नवीन करून देऊ तुम्हाला."

"नवीन तं सारेच देतात. देऊन फोटो काढतात अन् जातात."

"मी जाणार नाही. पहिल्या पाळीला मी स्वतः तुमच्याबरोबर खाली येईन. डबा खरं सांगतो की नाही, तिथं उभी राहून बघेन."

त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं, मग पायातल्या चपलांकडे. "बूट घालून येजा," एवढंच म्हणाले.

डबा का अडखळतो ते आम्हाला लवकर सापडलं होतं. मेमरी म्हणजे खूप खोल्यांचा एक वाडा समजा. त्यातल्या एकेका खोलीला आम्ही पान म्हणतो. कुठलं पान कुठे आहे, त्याचा एक तक्ता कर्नेल सांभाळतो. पण प्रोसेसर दर वेळी तक्ता उघडून बघत बसत नाही. हल्लीचे पत्ते तो तोंडपाठ करून ठेवतो. आमच्या डब्यात असे चार प्रोसेसर आहेत. सेन्सरचा नवा आकडा आला की तो नव्या पानात लिहिला जातो, जुनं पान काढून घेतलं जातं आणि तक्ता बदलतो. आता चौघांनाही सांगायला हवं, की बाबांनो, पाठ केलेलं विसरा. हे सांगायचं म्हणजे सगळ्यांच्या हातातलं काम थांबवून हाक मारायची. आणि आमचा कर्नेल एकेका पानासाठी अशी हाक मारत होता. पानं वाढली, हाका वाढल्या, डबा थकला.

यावर उपाय काही नवा नाही. काढलेली पानं एका जागी गोळा करायची आणि सगळ्यांसाठी मिळून एकच हाक मारायची. हे काम केयूरकडे होतं. केयूर आमच्यात वयाने लहान, हाताने जलद.

त्या दिवशी सकाळी मीटिंगमध्ये तो म्हणाला, "गोळा करून एकदाच हाक. टेस्ट सगळ्या पास. डबा आता भन्नाट पळून राहिला. कोणाचं काही म्हणणं आहे का?"

मी फोन कानाशी धरून फुलं निवडत होते. कल्पना मला ठाऊक होती, पसंतही होती. कोड मी पाहिलेला नव्हता; तो पाठवेल, दुपारी वाचू, असं मनात होतं. लिहून पाठवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले.

आमच्याकडे रीत अशी, की बदल मांडल्यावर कोणी हरकत घेतली नाही तर बदल आत जातो. जगभर कर्नेलचं काम थोडंफार असंच चालतं. मी ऑफिसला पोचले तोवर केयूरचा बदल आत गेला होता, डब्यात भरला गेला होता, आणि शरच्चंद्र सरांनी खाणीवर फोनही केला होता: उद्या सकाळच्या पाळीला नवा डबा बसवला जाईल.

"तुमचाच हिरवा कंदील होता, वैदेही," सर म्हणाले. सर आमचे प्रमुख. आनंदात असले की खुर्चीवर बसत नाहीत, टेबलाच्या कोपऱ्यावर टेकतात. आज टेकले होते.

"मी बोलले कुठे, सर?"

"तेच तर. मौनं संमतिलक्षणम्."

केयूर हसला. मीही हसले आणि टेबलावरच्या नव्या डब्यासमोर जाऊन बसले. डबा खरंच पळत होता. सगळे सेन्सर एकदम आकडे ओतत होते आणि एकही आकडा गोठत नव्हता.

"शांत असताना बघितलं का रे याला?"

"काहून? शांत असताना तर काही होतच नाही, ताई. लोड टाकूनच तर बघतात."

"खाण बहुतेक वेळ शांतच असते," मी म्हटलं आणि बाकीचे सेन्सर बंद केले. एकच ठेवला, तोही हळूहळू कळवणारा. मग कपाटातून मिथेन मिसळलेल्या चाचणीच्या वायूचा सिलिंडर काढला आणि त्याच्या नळीची वाटी त्या सेन्सरवर धरली.

आकडा हलला नाही. स्क्रीनवर निवांत सुरक्षित आकडा. भोंगा गप्प.

"सेन्सर गेला असेल," केयूर म्हणाला.

मी स्क्रीनवर शेजारी दुसरी खिडकी उघडून त्याला मेमरी दाखवली. सेन्सरने कळवलं होतं. नव्या पानात आकडा चढलेला होता, भोंगा वाजायला हवा त्याच्याही वर. स्क्रीन आणि भोंगा सांभाळणारा प्रोसेसर मात्र जुनं पान वाचत होता. त्याला कोणी विसर म्हणून सांगितलंच नव्हतं.

केयूर स्क्रीनकडे वाकला. मग त्याने खुर्ची ओढली. "पण हाक तर ठेवलीय मी. गोळा झाली की जातेच ना."

"केव्हा जाते?"

"टोपली भर..." तो थांबला. त्याने कोडमध्ये खरंच तेच नाव दिलं होतं, टोपली. "भरली की."

"आणि भरलीच नाही तर?"

ऑफिसमध्ये सगळे सेन्सर एकदम चालत, म्हणून टोपली क्षणात भरायची आणि हाक जायची. खाणीत, एखाद्या शांत दुपारी, एकाच कोपऱ्यात वायू साचायला लागला असता, तर टोपलीत दोन-चार पानं पडून राहिली असती आणि डब्याने नत्थूभाऊंना मघाचाच आकडा दाखवला असता. जुना डबा निदान अडखळायचा. अडखळलेला दिसतो तरी. हा डबा ठणठणीत दिसून खोटं बोलला असता.

शरच्चंद्र सर टेबलावरून उतरले. "पुढे ढकलू या. आत्ता फोन करतो."

"मग तोवर जुनाच टांगलेला राहील, सर. संध्याकाळपर्यंत थांबा."

"नक्की?"

"काय चुकलंय ते समोर दिसतंय. नुसतं बरोबर जागी ठेवायचं आहे."

केयूर की-बोर्डकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही सकाळी काही बोलल्या असत्या तर..."

"सकाळी काही पाहिलं असतं तर बोलले असते. कोड कुठे पाठवलास? आता पाहिलंय, आता बोलते. सरक."

तो सरकला. पण हात मी त्याचेच ठेवले की-बोर्डवर. चूक ज्याच्या हाताने झाली त्याच्याच हाताने ती निघाली की मन हलकं राहतं.

"हे बघ. तू दोन कामं एकत्र बांधलीस," मी म्हटलं. "पत्ता विसरायला लावणं हे एक काम. काढलेलं पान भांडारात परत देणं हे दुसरं. पानं परत द्यायला उशीर झाला तर कोणाचं काय बिघडतं?"

"थोडी मेमरी अडकून राहते. बाकी काही नाही."

"आणि विसरायला लावायला उशीर झाला तर?"

त्याने त्या न हललेल्या आकड्याकडे बोट दाखवलं.

"घरी देव आहेत ना तुझ्याकडे? कालची फुलं रोज उतरवतात. निर्माल्य नदीवर नेतात ते टोपली भरली की, कधी आठवड्याने. आई तुझी असं म्हणते का, की टोपली भरली नाही म्हणून आज देवावरची फुलं राहू दे?"

"आई चपलेने मारेल."

"मग तसंच लिही."

तो हसला आणि लिहायला लागला. सेन्सरची एक फेरी झाली की, एक पान निघालेलं असो की पन्नास, त्या फेरीची एकच हाक लगेच. नवा आकडा दाखवायचा तो ती हाक सगळ्यांनी ऐकल्यावर. आणि जुनी पानं टोपलीत. भरली की परत. मी शेजारी बसून ओळ न् ओळ वाचली. एका ठिकाणी त्याने हाक मारली होती पण सगळ्यांनी ऐकल्याची वाट पाहिली नव्हती. तिथे मी नुसतं बोट ठेवलं.

"हो हो, पाह्यलं," तो म्हणाला.

उन्हं कलली तेव्हा आम्ही वाटी पुन्हा धरली. एकच सेन्सर, बाकी सगळं शांत. आकडा चढला, थांबला नाही, आणि भोंगा असा वाजला की खालच्या इस्त्रीवाल्याने वर बघून विचारलं, आग लागली का. मग सगळे सेन्सर एकदम सोडले. सकाळच्या वेगापेक्षा किंचित हळू, पण डोळ्याला कळणारही नाही इतकंच. शांतही पुन्हा करून पाहिलं, गर्दीतही पुन्हा करून पाहिलं. शेवटी केयूरने स्वतःच वाटी घेतली आणि मला न विचारता आणखी एकदा धरली. त्यावरून मला कळलं, पोराचं काम आता पक्कं होणार.

सर परत टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. "डबा जातोय मग उद्या. आणि नियम लिहून टाका: कोड वाचल्याचं ज्याने लिहिलं त्याचाच होकार धरायचा."

"आणि वैदेहीताई गप्प असल्या तर?" केयूरने विचारलं.

"तर समजायचं, पूजा चालू आहे."

निघण्यापूर्वी मी नत्थूभाऊंना फोन लावला. काय झालं होतं ते सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंजे सकाळचाच आणला असता तं आमी गेलो असतो कामातून."

"हो."

"अन् आताचा?"

"आताचा तुमच्या सेन्सरवर तुमच्या हाताने तपासून घ्या. मी शेजारी उभी राहते."

"तुमी येऊनच राहिल्या मंग." मग ते म्हणाले, "पाळी सकाळची आहे, ताई. तुमचं ते बोलायचं नसते ना सकाळी? केयूर सांगे."

"पूजा लवकर आटोपते."

"नका घाई करू देवाची. खाली जादा बोलायचं काम नाई. भोंगा बोलला तं झालं."

दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा बरीच आधी उठले. बाहेर अंधारच होता. देवावरची कालची फुलं उतरवून टोपलीत ठेवली. टोपली जेमतेम अर्धी होती. आंघोळ घातली, गंध लावलं, ताजी फुलं वाहिली, दुधाचा नैवेद्य दाखवला. मौन सुटलं, पण बोलायला कोणी जागं नव्हतं. उन्मेषच्या उशाशी चिठ्ठी ठेवली. उन्मेषने आदल्या संध्याकाळी सीताबर्डीवरून आणलेले बूट दारात होते. ते घातले, नाड्या घट्ट बांधल्या, डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, दार आवाज न करता ओढून घेतलं, आणि सावनेरच्या बससाठी निघाले.