एक दात पुढे की मागे

म्हसरूळला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर उभी आहे. पुढचं उजवं चाक काढलेलं. तिथे खाली पोत्यावर माझा नवरा, शेखर. अंधार पडलाय, मी टॉर्च धरून बॉनेटमध्ये वाकलेली. टायमिंग बेल्ट तुटायला आला होता, म्हणून नवा. वरच्या दातेरी पुलीवर एक खूण, तिच्यामागे इंजिनावर दुसरी. दोन्ही समोरासमोर हव्यात. दात चुकला तर व्हॉल्व्ह वाकतील, इंजिन संपेल.

इंजिन संपलं की माझं कामही. द्राक्षाच्या पॅकहाऊसला, दिंडोरीच्या पुढे, पहाटे पोचावं लागतं. जीप असते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आणि उशिरा येणारीची जागा तिथे लगेच भरते.

"बघ. जुळलंय?"

"तुम्हीच बघा ना."

"मी बसवलंय. मी कसं बघणार?"

ही त्यांची ओझरच्या नोकरीतली सवय. कारखान्यात विमानाचा बोल्ट आवळणारा वेगळा, तपासणारा वेगळा. घरी पंखा बसवला तेव्हाही मी स्टुलावर चढून स्क्रू तपासले होते. मला स्क्रूतलं काय कळतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

बंपरच्या बाजूने बघितलं: खूण एक दात पुढे.

काचेच्या बाजूने बघितलं: एक दात मागे.

"काय दिसतंय?"

"दोन्ही."

"दोन्ही काय?"

"पुढे पण आहे. मागे पण आहे."

शेखर उठले. बंपरपाशी वाकले, काचेपाशी वाकले, परत खाली बसले. बेल्ट सैल केला, बसवला, ताणला.

पुन्हा.

आता मी अगदी समोरून बघते, एक डोळा मिटून. उजव्या डोळ्याने जुळलंय. डाव्याने केसभर नाही.

वरच्या मजल्यावरचा किशोर दुधाची पिशवी घेऊन चालला होता. "शेखरभाऊ, विमान बनवताय काय?"

"तुला बसायचंय का पहिला?"

"नको. वहिनींना बसवा."

तो गेला. शेखरनी पान्याने इंजिन हातानेच दोनदा फिरवलं. कुठे अडकलं नाही.

"अडकलं नाही म्हणजे बरोबर?" मी विचारलं.

"अडकलं नाही म्हणजे अडकलं नाही."

"मग चावी मारू?"

"आधी ओके म्हण."

मी ओके म्हणाले.

नाही, म्हणाले नाही. म्हणणार होते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात टॉर्च थोडा हलला आणि खुणेची सावली खुणेपेक्षा जाड झाली. आता यातली खूण कुठली?

"उज्वला, सोपं आहे. हो की नाही?"

"मला कळत नाहीये."

"नीट बघ."

"नीट बघितल्यावरच कळेनासं झालं."

ते हसतील असं वाटलं. हसले नाहीत. "'कळत नाही' याला आमच्याकडे 'नाही' असंच लिहितात," म्हणाले आणि पाना उचलला.

"परत काढताय?"

"उद्या उजेडात करू. पहाटे तू काय करशील?"

"जीपने जाते."

"उशीर होईल."

"होईल."

"कामावरून काढून टाकलं तर?"

मी टॉर्च धरला. ताण सुटला, बेल्ट ढिला पडला, पुली आपोआप जराशी फिरली. कदाचित सगळं बरोबरच बसलं होतं. आता ते कुणालाच बघता येणार नाही.