जोडून लाव

राजापेठेत गाड्यांना साउंड बसवणारी दुकानं पाच-सहा. त्यात आत माणूस एकच असलेलं दुकान संघपालचं. डिक्कीत वायर जोडायची, धावत पुढं जाऊन आवाज वाढवायचा, पुन्हा मागं येऊन कान लावायचा. दोघांचं काम एकट्यानं केलं की पाय दुखतात आणि तोंड गंजतं. संध्याकाळपर्यंत तो कुणाशी चार शब्द बोललेला नसे.

चार वर्षांपूर्वी असं नव्हतं. तेव्हा ओमप्रकाश भागीदार होता. एकदा लग्नाच्या गाडीत दोन वूफर, म्हणजे जड आवाजाचे स्पीकर, बसवायचे होते, चार-चार ओम अडथळ्याचे. शेजारी-शेजारी, प्लसला प्लस लावले की दोन्ही मिळून दोनच ओम होतात. एकामागं एक लावले की आठ. तो ॲम्प्लिफायर चारच्या खाली सोसणारा नव्हता. संघपाल पुढच्या सीटवरून ओरडला, "जोडून लाव!" त्याला म्हणायचं होतं, एकाच्या मागं दुसरा जोडून. डिक्कीतल्या ओमप्रकाशनं जोडी लावली, शेजारी-शेजारी. धूर निघाला. शब्द आपलाच दुतोंडी होता हे संघपालला तेव्हाच कळलं होतं, पण गिऱ्हाइकांसमोर माघार कोण घेणार! तो म्हणाला, "तुले अक्कल असती तं सोताचं दुकान नसतं टाकलं?"

ओमप्रकाशनं पाने-पेचकस गोळा केले आणि अकोल्याला, जठारपेठेत, खरंच दुकान टाकलं. संघपालला तो परत हवा होता, रोज हवा होता. पण आधी फोन त्यानं करावा, हा हेका.

आज अकोल्याचे भगवंतराव मुलीला इथल्या ट्युशनला सोडून आपली स्कॉर्पिओ घेऊन आले. दोन वूफर होते, आणखी दोन हवे होते. संघपालनं डिक्कीतला वूफरचा जुना खोका उघडला. आतल्या वायरीवर पांढरी पट्टी होती आणि त्यावर ओळखीच्या अक्षरात 'आगगाडी' लिहिलं होतं. एकामागं एक डबे! या शब्दाचा दुसरा अर्थ कुणी काढूच शकत नव्हतं.

"जठारपेठेत केलं काय जी हे?" त्यानं विचारलं.

"हो ना. एकटाच असते तो. मले भाईर बसवलं, पन काचंतून दिसे. पुढं बसून जोरानं 'आगगाडी' म्हनून वरडते, अन् मंग सोताच मांगं जाऊन जोडते. मी म्हटलं, कोनाले सांगून राहिला बावा?"

चार वर्षांचा हेका त्या पट्टीपुढं टिकला नाही. त्यानं तिथंच फोन लावला.

"ओम्या, संघपाल बोलतो. त्या दिवशी चूक माही होती. मीच धड सांगतलं नाही."

पलीकडून आवाज आला, "मले मालूम हाय."

"मंग वापस ये ना. चार वूफरचं काम हाय. दोन आगगाड्या शेजारी-शेजारी लावल्या की बरोबर चार ओम. तू मांगं राय, मी पुढं बसतो."

"नाही जमत आता, संघपाल." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "कोनी पाहून राहिलं की हात कापते माहा. गिऱ्हाइकालेबी भाईर बसवतो मी. एकटा असलो तंच वायर धरता येते."

फोन बंद झाला. भगवंतराव खोक्याशी वाकून बघत होते. "काय म्हने तो?"

"बरा हाय म्हने," संघपाल म्हणाला. त्याला रडू येत होतं. "तुमी जरा भाईर बसता काय, काकाजी?"