देव्हाऱ्यातला ठसा

मी बोलतोय, पोंभुर्ण्याच्या मयुरीचा ठसा. रबराचाच आहे, पण पोस्टातल्या शिक्क्याचा भाऊबंद समजू नका. माझ्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा होत्या. होत्या, म्हणालो.

मयुरीचा भाऊ गोपाल सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला. रक्त तपासायला चंद्रपूरला गेलं होतं. रिपोर्ट तेरवीनंतर आला. तेव्हापासून या पोरीनं ध्यास घेतला, की तपासणी गावातल्या गावात आणि चहाच्या किमतीत झाली पाहिजे. नागपूरच्या कॉलेजातून तिनं एक महागडा साचा मागून आणला, त्यात रबर ओतून मला काढलं. काढताना साचा तडकला, म्हणून मी एकुलता एक. साध्या प्लास्टिकच्या पट्टीवर मला दाबलं, की माझ्या रेघा तिच्यावर उमटत. त्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला, की रंगावरून आजार कळे. मला तेव्हा भारी माज होता.

बाजार मात्र नुसत्या हुशारीवर उघडत नाही. पुष्कळ उंबरठे झिजवल्यावर नागपूरचा एक कंपनीवाला यायला तयार झाला. आधी डोळ्यांनी पाहीन, मगच माल बनवायला घेईन, म्हणाला.

त्या सकाळी त्याला आणायला एसटी स्टँडवर निघताना मयुरीनं मला डब्यात ठेवलं आणि आईला बजावलं, "आई, याले हात नको लावू."

"काऊन लावीन वं? मले काय करायचं हाय?" कमळाबाई म्हणाल्या.

आपण शब्द पाळला, असंच त्या आजही मानतात. या घरात विळा असो की शिलाई मशीन, कुंकवाशिवाय नवं हत्यार चालत नाही, आणि पूजा करणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. मयुरी गेल्यावर त्यांनी डबा उघडला आणि गोपालचं नाव घेत ओलं कुंकू अंगठ्यानं माझ्यावर दाबून लावलं. माझ्या रेघा एकमेकींना चिकटल्या, त्या पुन्हा सुटत नाहीत. इतक्या मायेनं कोणी कोणाला मारलं नसेल.

साहेबासमोर डबा उघडताच मयुरीचा चेहरा उतरला. तरी तिनं मला पुसलं, पट्टीवर दाबलं. लालसर डाग उमटला, बाकी काही नाही.

"मॅडम, पहले ठरवा, दवाखाना काढायचा का देऊळ," साहेब हसत म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मयुरीनं आईला एवढंच सांगितलं, "त्याइले माल पसंत नाई पडला."

"तुयाच कामात काही कमी राह्यलं असन," कमळाबाई म्हणाल्या. आल्यागेल्यापुढं त्या अजून तेच म्हणतात.

मला देव्हाऱ्यात बसवलंय. रोज कुंकू चढतं. आज शेजारची मंगली आपली लहान पोर घेऊन आली. पोर तापानं फणफणलेली, गोपालसारखीच हातपाय दुखतात म्हणून कळवळत होती.

"दवाखान्यात नेऊ का, बाई?"

"आधी याच्या पाया पड. माह्या गोपालच्या नावाचा देव हाय," असं म्हणत कमळाबाईंनी माझ्या अंगावरचं कुंकू पोरीच्या कपाळाला लावलं. मंगलीला बरं वाटलं, ती घरी गेली.

त्या पोरीच्या रक्तात काय आहे, हे सांगणं माझं काम होतं. मयुरी दारात उभी राहून सगळं पाहत होती.

मयुरी, आईचं मन राखणं आता पुरे कर. मला कोणी मारलं ते सांग तिला. ती छाती बडवेल, बडवू दे. मग मंगलीच्या घरी जा, पोरीला उचल आणि चंद्रपूरची गाडी धर. रिपोर्ट यायला वेळ लागतो, तुला ठाऊक आहे.