गेरू सरला तेव्हा

बन्सीच्या पायाला आधीच भिंगरी, त्यात त्या आठवड्यात तर तो एका जागी बसून चहासुद्धा पीत नव्हता. औरंगपुऱ्यातल्या माडीवरच्या हॉलमध्ये त्याचं पहिलं प्रदर्शन रविवारी उघडायचं होतं, दिल्लीहून जाणकार माणसं यायची होती, आणि मधली भिंत अजून मोकळी होती. मोकळी का, तर सोयगावच्या रस्त्यावरचं एक झाड पडायला तयार नव्हतं.

नीट सांगायला पाहिजे. सोयगावकडं रस्ता रुंद करायचा म्हणून जंगलाच्या कडेची झाडं तोडायची ठरली, तेव्हा बन्सीनं मनावर घेतलं की प्रत्येक झाड पडायच्या आधी त्याचा ठसा घ्यायचा. खोडाला पातळ कापड गुंडाळायचं आणि तेलात कालवलेला गेरू बोळ्यानं वरून चोळायचा. सालीच्या भेगा, गाठी, सगळं कापडावर उतरतं. मग झाड पडलं की बुंध्याची एक चकती कापून आणायची. भिंतीवर ठसा, खाली चकती. बघणाऱ्याला झाड गेल्याचं टोचलं पाहिजे, असा त्याचा हिशोब. हिशोब काही खोटा नव्हता. हॉल चालवणाऱ्या रईसा मॅडम एरवी कशालाच भुलत नाहीत, पण त्याही लिंबाच्या चकतीपाशी वाकून वाकून बघत राहिल्या होत्या.

सगळ्यात मोठा ठसा अंजनाचा. लई जुनं झाड, दोघांच्या कवेत न मावणारं. आणि नेमका त्याच्याच वेळी गेरू सरला. मग बन्सीनं काय करावं? बाजारातून शेंदराच्या पुड्या आणल्या! म्हणे रंग उठून दिसेल. आता शहरात मुकुंदवाडीला राहायला गेला असला तरी माणूस सोयगावच्याच मातीतला. शेंदूर तेलात कालवून खोडाला चोळला की पुढं काय होतं, हे त्याला कळू नये? पण कलावंत पडला. पातळ कापडातून रंग आरपार गेला, हा कापडाची वळकटी करून शहराकडं पळाला, आणि मागं अंजन छातीपर्यंत नारिंगी होऊन उभं राहिलं.

दोन दिवसांत कुणीतरी नारळ फोडला. मग घंटा आली. रस्त्याचं काम घेतलेल्या गुत्तेदाराची माणसं करवत घेऊन गेली ती हात जोडून परत आली.

ही बातमी त्याला साळू मावशीनं फोनवर दिली. त्याच्या आईची धाकटी बहीण, तिथंच अंजनाजवळच्या वाडीत राहणारी. अंजनात देव प्रगटला म्हणाली, आवाजात नुसता आनंद. बन्सी तोंडानं लई चांगलं झालं म्हणाला आणि फोन ठेवून हॉलभर येरझाऱ्या घालायला लागला. झाडं जातात म्हणून हा माणूस वर्षभर उन्हातान्हात हिंडला, आणि आता एक झाड वाचलं तर ह्याच्याच जिवाची तगमग! लाज वाटत होती, नाही असं नाही. पण लाज वाटून भिंत भरत नाही.

नुसता ठसा टांगावा, असं रईसा मॅडमनी सुचवून पाहिलं. त्यानं मान हलवली. चकतीशिवाय ठसा म्हणजे बिनमिठाची भाजी. तेव्हा त्या वैतागून म्हणाल्या, "बन्सीभाई, कुछ भी करो, बीच की दीवार खाली नको रखो."

शुक्रवारी त्यानं सोयगावला जायला मोटारसायकल काढली. वाटेत सिल्लोडला थांबला, चहा सांगितला, आणि तो यायच्या आतच पैसे टेकवून निघाला.

रंगाचं खरं कळल्यावर गुत्तेदाराला तर देवच भेटला. तुम्ही इथलेच, तुमचं ऐकतील, रंग तुमचा हे एकदा सांगून टाका, चकती पाहिजे तेवढी जाड काढून देतो, असं म्हणत तो त्याला झाडापर्यंत घेऊन गेला. खाली वाडीतली माणसं बसली होती, मावशी हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं. बन्सीनं सवयीनं पायातलं काढून ठेवलं. तरी बोलला.

"हा देव नाही. शेंदूर मी लावलाय. चित्रासाठी. गेरू सरला होता म्हणून."

मावशी हसली.

"आमाला काय ठावं नाय व्हय? तू रंग चोळत हुतास तवा प्यायला पाणी म्याच आणलं हुतं. पण बाबा, गेरू सरवला कुणी?"

बन्सी गुत्तेदाराकडं बघायला लागला.

"देव काय सोताच्या हातानं शेंदूर लावून घेतो?" मावशी म्हणाली. "कुणाचा तरी हात लागतोच. तुझा लागला."

आणि एक म्हातारा उठून चक्क बन्सीच्या पाया पडला. गुत्तेदारानं कपाळावर हात मारला. रस्ता तिथं थोडा वाकवावा लागेल, असं कुणाला तरी फोनवर सांगत तो जीपकडं गेला. बन्सी मेल्याहून मेल्यासारखा झाला. झाड पाडायला म्हणून खरं बोलायला गेला, तर झाड वाचवल्याचं पुण्यही ह्याच्याच पदरात.

रविवारी मधल्या भिंतीवर नारिंगी ठसा टांगला आणि खाली फरशी रिकामी राहिली. दिल्लीची मंडळी तिथंच सगळ्यात जास्त वेळ थांबली. ही मोकळी जागाच सगळं बोलते, असं म्हणाली. बन्सी हो हो म्हणत राहिला आणि रुमालानं मान पुसत राहिला.

दुपारी मावशी आली, नवं लुगडं नेसून, अंजनाखालचा प्रसाद घेऊन. अंजनाच्या ठशाला तिनं लांबूनच हात जोडले. मग ती एकेका चकतीपाशी वाकायला लागली. हा वळणावरचा लिंब. ही शाळेपुढची चिंच. सगळ्यांवरून हात फिरवत शेवटच्या चकतीपर्यंत गेली आणि तिथंच खाली बसली.

"ह्यांचे ठसे बी तूच घेतलेस?"

"हो, मावशी."

"मग ह्यान्ला का रं नाय लावलास शेंदूर?"

तेव्हा गेरू होता, एवढंच उत्तर होतं त्याच्याकडं. मावशीनं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला, आणि दिवसभर एका जागी न थांबलेला बन्सी तो तुकडा धरून तिथंच उभा राहिला.