घरची माणसं शेवटी

सर्व्हरची डिस्क सकाळीच गेली आणि दुपारपर्यंत जालन्याच्या त्या बियाणे कंपनीतला निम्मा स्टाफ सर्व्हर सांभाळणाऱ्या गिरिधरच्या टेबलाभोवती जमला. डिस्पॅचचे महेमूदभाई तर खुर्ची ओढून ठाणच मांडून बसले. जाफराबादच्या दुकानदारांच्या सगळ्या ऑर्डरी मेलमध्ये होत्या आणि हंगाम तोंडावर आलेला. बॅकअपमधून एकेकाचं मेलचं खातं परत भरत होतं, तसतसा एकेकाचा जीव भांड्यात पडत होता. गिरिधरचा मात्र सकाळपासून थाऱ्यावर नव्हता.

बॅकअपचं वेळापत्रक त्यानंच आखलेलं. तेव्हा जागा पुरत नव्हती, मालक नवी डिस्क घेईनात, म्हणून काही खाती वगळणं भाग होतं. कुणाची वगळायची यावरून मीटिंगमध्ये सगळे हमरीतुमरीवर आले. गिरिधर पिंपळगाव रेणुकाईचा. तिथं पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात. त्यानं सर्वांत आधी आपलं आणि बायकोचं, अरुंधतीचं, नाव कापलं. मग कुणाची बोलायची छाती झाली नाही.

अरुंधती तिथंच, बियाणं तपासायच्या लॅबमध्ये होती. लॅबच्या दारात मोबाइल जमा करावा लागे, म्हणून ती नवऱ्याला मेल करायची. डबा गार व्हायच्या आत खा, गोळी घेतली का, भेंडी खारट झालीय पण मुकाट्यानं खा. नाव कापल्याचं कळलं तेव्हा ती हसली होती.

"आपलं काय जपून ठेवायचं? भेंडी अन् मेथीच तर लिहून राह्यले मी."

गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. तिचं खातं त्यानं बंद होऊ दिलं नाही, पण उघडायचा धीरही होईना. वर्षश्राद्ध झालं की निवांत वाचू, असं मनाला सांगत राहिला. ती दोन नावं पुन्हा बॅकअपमध्ये घालायचं त्या दुःखात सुचलंच नाही. आता ते आठवून त्याला स्वतःचाच राग येत होता आणि रडूही येत होतं.

संध्याकाळी महेमूदभाईंची शेवटची ऑर्डरही परत आली. ते उठले आणि दारात घुटमळले.

"तुमचं मिळालं ना बराबर, गिरिधरभाऊ? वहिनींचं?"

"आमचं ठेवलंच न्हवतं."

त्या मीटिंगमध्ये सगळ्यांत जोरात महेमूदभाईच भांडले होते. ते परत येऊन खुर्चीत बसले आणि दिवे लागेपर्यंत तिथून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मालकांनी न मागता मोठी डिस्क पाठवली. गिरिधर नवं वेळापत्रक आखायला बसला. या वेळी त्यानं अरुंधतीच्या नावाचं रिकामं खातं नव्यानं तयार केलं, सर्वांत वर घातलं आणि बॅकअप चालवून पाहिला. त्यात उतरवून घेण्यासारखं काही नव्हतंच. लगेच हिरवी खूण आली, काम पूर्ण झाल्याची.

गिरिधरनं डबा काढला. हल्ली तो स्वतःच करून आणायचा. भेंडी गार झाली होती, खारटही होती. त्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.