गुरुवारची गोळी

भोसरीत कारखान्यांना सुट्टी गुरुवारची, म्हणून शांतिबाबांचा दरबारही गुरुवारीच. शिफ्ट बघून प्रसन्न होणारा देव! दुपारी एकला पत्र्याच्या शेडखाली ही गर्दी, आणि मधोमध माझ्या तिसरीतला ज्योतीराम चक्क अर्धा तास मांडी घालून बसलेला.

"पोराच्या अंगातलं वारं बांधलं!" बाबा गरजले. बायाबापड्यांनी पाय धरले.

मी मास्तर. हा ज्योतीराम वर्गात दोन मिनिटं बूड टेकत नसे. एकदा तर मधल्या सुट्टीत नाशिक रस्त्यावर ट्रकपुढे धावला. हेडमास्तरांनी बजावलं, "आणखी एक तक्रार, की शाळेतून नाव काढतो." म्हणून मीच त्याला पुण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "पोर वांड नाही, त्याचं लक्ष ठरत नाही. रोज सकाळी एक गोळी." महिन्यात पोर पाढे म्हणू लागलं, आणि पुढं पुन्हा बिघडलं; शांत दिसे ते फक्त गुरुवारी.

"बाबा म्हनले, गोळी म्हंजे इख," दरबारात शेजारी बसलेली त्याची आई छबूबाई सांगू लागली. "सहा दिस नुसता अंगारा. गुरुवारी सकाळी तेवढी गोळी द्यायची. दुपारी बाबा तिचं इख उतरवत्यात."

वा रे पठ्ठ्या! मी भर दरबारात उठलो. "बाबा, तुमचा हात पडतो दुपारी एकला. मग पोरगं माझ्या वर्गात सकाळी नऊलाच शांत कसं? पुढच्या गुरुवारी गोळी नको, नुसता अंगारा द्या."

"देवाची परीक्षा घेतोस?"

पण गर्दी कारखान्यातली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाबा, ट्रायल होऊन जाऊ द्या की!"

झाली ट्रायल. पाचव्या मिनिटाला ज्योतीराम बाबांच्या गादीवर नाचत होता, आणि अंगाऱ्याचं ताट बाबांच्या दाढीत.

त्याचे वडील सोपानराव फिटर. मान खाली घालून म्हणाले, "गुरुजी, बाबाच्या आधी गोळी आमीच सोडली व्हती. शिफ्ट बदलली की इसरायचं. त्यात शेजारी म्हनायचे, पोराला येडं ठरवलं. आन् पोरगं सुधारलं व्हतं. दुरुस्त मशीनला रोज पाना कोन लावतंय?"

माझा राग तिथंच विरला. वाईट वाटलं.

"पाना नव्हे सोपानराव, ते तेल आहे. चालत्या मशीनला रोज घालता ना?"

शनिवारी सकाळी रात्रपाळीहून सुटलेले सोपानराव कंपनीच्या कपड्यांतच शाळेच्या फाटकाशी उभे होते. एका हातात ज्योतीराम, दुसऱ्या हातात रिकामा पेला. "दिली," एवढंच म्हणाले.

मंडळी, तुमच्या गावातही कुणी चमत्कार दाखवेल. त्याला एवढंच विचारा, त्या दिवशी सकाळी काय काय दिलं होतं? देव रागावत नाही, रागावतात ते बाबा.